कोपरावरची वीण

माझ्या आत्याकडे कुणीही आलं, की ती आधी त्याच्या कपड्याला हात लावते. "या, बसा" म्हणायच्याही आधी. बाही, खांदा, स्वेटरचा काठ, जे हाताला लागेल ते दोन बोटांत धरते, चोळते, आणि मगच माणसाची चौकशी करते. लहानपणी मला याची इतकी लाज वाटायची की मैत्रिणी घरी येणार म्हटलं की मी त्यांना रस्त्यातच गाठून दुसरीकडे वळवायचे. एकदा तर तिने पालकसभेत आमच्या मुख्याध्यापकांच्या कोटाची कॉलर चाचपली आणि चारचौघांत सांगितलं, "सर, हे लोकर म्हणून गळ्यात मारलंय तुमच्या. यात निम्मं सूत आहे." सरांनी तो कोट पुन्हा कधी शाळेत घातला नाही, आणि मला वर्षभर गणितात मार्क कमी पडले. आत्याच्या मते त्याचं कारण वेगळं होतं.

आई-वडील गेल्यावर मी आठव्या वर्षी तिच्याकडे आले ती आजतागायत तिथेच आहे. दोन खोल्या. मागे स्वयंपाक आणि आमच्या दोघींच्या कॉट, पुढे तिचं काम. पुढच्या खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडतं. खिडकीखाली टेबल, बाजूला शिवणयंत्र, भिंतीला भिंत लावून औषधाचं दुकान. गिऱ्हाईक चुकलं की औषधवाले काकाच त्याला आमचं दार दाखवतात.

आत्या रफू करते. शिवणं आणि रफू करणं यातला फरक ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवते, त्याने विचारलं असो वा नसो. शिवण दिसते, रफूचं काम दिसलं तर ते वाया गेलं. त्याच कपड्याच्या आत दुमडलेल्या काठातून ती धागे काढते आणि भोकाच्या जागी एक उभा, एक आडवा, असे सुईने विणत जाते. नखाएवढ्या भोकाला कधीकधी अख्खी दुपार जाते. ती डावखुरी आहे, त्यामुळे शेवटचं टोक डावीकडे वळवून आत दडवते. बाकीचे कारागीर उजवीकडे वळवतात. हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण ते टोक मुळात कुणाला दिसायला नकोच असतं.

दुसरी तिची गोष्ट म्हणजे अर्धी चिठ्ठी. गिऱ्हाईक कपडा घेऊन आलं की एका कागदावर त्यानेच आपलं नाव, फोन नंबर आणि काम काय ते लिहायचं. मग आत्या तो कागद हाताने मधोमध फाडते, कात्रीने नाही. अर्धा गिऱ्हाइकाला, अर्धा कपड्याला टाचलेला, आणि त्या अर्ध्याला त्याच कपड्याचा एक धागा बांधलेला. नेताना दोन्ही अर्धे फाटक्या कडेला जुळले पाहिजेत. जुळले की दोन्ही एकत्र तारेत ओवून खिळ्याला लटकतात. फार वर्षांपूर्वी एक गोड बोलणारी बाई दुसरीची शाल घेऊन गेली होती, तेव्हापासूनचा हा नियम. अर्धी चिठ्ठी नसेल तर आत्या सख्ख्या भावालाही कपडा देणार नाही. मी सांगते ना! माझा स्वतःचा स्वेटर, तिनेच विणलेला, तिनेच रफू केलेला, तिने मला चिठ्ठी सापडेपर्यंत तीन दिवस दिला नाही. मी थंडीत कुडकुडत कामावर गेले. "नियम म्हणजे नियम, शहाणे," एवढंच म्हणाली.

शहाणे हे माझं नाव नाही. मी पदवी घेतली, एका वाहतूक कंपनीच्या कार्यालयात लागले, आणि तेव्हापासून ती मला शहाणे म्हणते. बरोबरीने "अति शहाणा त्याचा बैल रिकामा" हेही आठवड्यातून एकदा येतंच. कार्यालयात माझं काम कागद तपासायचं. शिक्का आहे का, सही आहे का, क्रमांक आहे का. दिवसभर शिक्के बघून बघून माझी अशी गत झालीय की शिक्का दिसला की मान आपोआप खाली जाते.

तर आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. उजव्या डोळ्यातला पिकलाय, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. डावा बरा आहे असं आत्या म्हणाली. मी डॉक्टरांचं ऐकलं आणि आत्यावर विश्वास ठेवला, आणि यातली दुसरी गोष्ट चूक होती हे मला फार उशिरा कळलं. गुरुवारची तारीख मिळाली. सदतीस हजार पाचशे, रोख आणून भरावेत, असं दवाखान्याचं पत्र दीड महिना आधीच आलं होतं. तीन वर्षं बाजूला टाकलेले पैसे सोमवारी मी बँकेतून काढले आणि आत्याने ते बटणांच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवले. ते पैसे म्हणजे तिचा डोळा होता, आणि डोळा म्हणजे तिचं काम. तिला कामावाचून बसवणं म्हणजे मासोळीला पाण्याबाहेर ठेवणं, हे मी सांगायला नको.

मंगळवारी मी कार्यालयाच्या जिन्यावर पाय मुरगळून घेतला. म्हणून बुधवारी सकाळी अकरा वाजता मी घरी होते, पुढच्या खोलीत, पाय स्टुलावर टाकून. नाहीतर मला यातलं काहीच दिसलं नसतं, आणि आत्याने सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, जास्त तिखटमीठ लावू नकोस.

दारावर टकटक झाली. उंच माणूस, करडा कोट, हातात चामड्याची फाईल, गळ्यात फोटोचं ओळखपत्र.

"कर विभागातून आलोय," तो उंबरठ्यावरूनच म्हणाला. "रफूकाम इथेच चालतं ना? घरातून धंदा? तपासणी आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत्या टेबलामागून उठली, पुढे गेली, आणि तिने काय करावं? साहेबाची बाही धरली!

"आत्या!" मी बसल्या जागेवरून ओरडले. "साहेबांच्या कोटाला काय हात लावतेस!"

"लावू दे गं, सवय आहे मला," ती म्हणाली. "या साहेब, इकडे बसा, खुर्ची इकडे आहे." त्याला कोपराला धरून तिने खुर्चीपर्यंत आणलं. म्हाताऱ्या बाईने आधार घ्यावा तसं. मग तिचा हात त्या कोपरावर जरा जास्तच वेळ राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छान आहे कोट," ती म्हणाली. "नवा वाटतं?"

"हो, नवाच आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी हात सोडवून घेतला. "आपण कामाचं बोलू या."

"बोला की," आत्या म्हणाली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. हात मांडीवर, एकावर एक. एरवी तिचे हात कधी रिकामे नसतात.

साहेबांनी ओळखपत्र माझ्यापुढे धरलं. शिकलेली मी होते ना. फोटो त्यांचाच, खाली निळा गोल शिक्का, सही, क्रमांक. मग फाईलमधून एक कागद निघाला, त्यावर दोन शिक्के. माझी मान खाली गेली. पाच वर्षं नोंद न करता धंदा, कर चुकवला, दंड, व्याज. आज जागेवर भरले तर प्रकरण इथेच मिटेल. नाही भरले तर यंत्र जप्त, खोलीला सील, आणि उद्या पोलीस.

"किती होतात?" मी विचारलं.

"सदतीस हजार पाचशे."

आता माझी अक्कल ऐका. माझ्या मनात आलं, बरं झालं बाई, नेमके तेवढेच आहेत घरात! कुठूनतरी आपली वेळ निभावली म्हणून मी मनातल्या मनात हातसुद्धा जोडले. ऑपरेशन पुढे ढकलू, पुन्हा साठवू, पण सील नको, पोलीस नको. पदवीधर बाई, कागद तपासून पगार घेणारी, आणि हा आकडा कुठे ऐकलाय एवढंही तिला सुचू नये!

"आत्या, देऊन टाक," मी म्हटलं.

"काय देऊन टाकू?"

"पैसे गं. डब्यातले."

हे बोलले आणि जीभ चावली. पैसे कुठे आहेत ते मी साहेबांसमोर सांगून मोकळी झाले होते. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, आणि माझा तर एक पाय आधीच मुरगळलेला. साहेबांची नजर फडताळावरच्या डब्यांकडे गेली.

आत्या मात्र शांत. इतकी शांत की मला तिचा राग आला. "साहेब," ती म्हणाली, "कर असेल तर भरलाच पाहिजे. मी काय कुणाचं बुडवणारी नाही. पण माझ्या घराचा एक नियम आहे. अर्ध्या चिठ्ठीशिवाय इथून वस्तू बाहेर जात नाही."

"म्हणजे?"

तिने टेबलावरचा कागद घेतला, साहेबांपुढे सरकवला. "यावर तुमचं नाव लिहा, काय नेणार ते लिहा. मी फाडते. अर्धा तुम्ही तुमच्या कार्यालयात न्या, तिथल्या मोठ्या साहेबांची सही आणा. जुळला की पैसे तुमचे. मी कुठे पळून जात नाही. या वयात पळणार कुठे?"

"बाई, हा काय पोरखेळ आहे? मी सरकारी माणूस आहे."

"म्हणून तर म्हणते. आमच्यासारख्यांनी नियम मोडला तर चालून जातं, सरकारने मोडून कसं चालेल?"

साहेबांचा आवाज चढला. यंत्र आत्ताच उचलतो म्हणाले, शेजारीपाजारी बोलावून पंचनामा करतो म्हणाले. "आत्या, कशाला वाद घालतेस, शिक्का आहे गं त्यावर!" मी जवळजवळ रडत म्हटलं.

"तू बघितलास ना शिक्का? मला दिसत नाही," आत्या म्हणाली. आणि मग, साहेबांकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाली, "मला दिसत नाही, साहेब. उजव्याने काहीच नाही, आणि डाव्याने नुसतं धुकं. तुमचं ओळखपत्र, तुमचा कागद, तुमचं तोंड, मला काही दिसत नाही. ज्याला दिसत नाही त्याने विचारून घ्यावं, त्यात लाज कसली? शहाणे, तो खिळ्यावरचा निळा पुठ्ठा काढ. मागच्या वर्षी मी कर भरला त्याची पावती आहे त्यात. पावतीवर कार्यालयाचा नंबर आहे. त्या नंबरावर फोन कर. साहेबांच्या कागदावरच्या नाही, माझ्या पावतीवरच्या."

मी थिजले. दोन कारणांनी. एक तर ती कर भरते, दर वर्षी भरते, हे मलाही माहीत होतं. भीतीने डोक्यातून धुऊन गेलं होतं. पाच वर्षं चुकवला म्हणणारा माणूस समोर बसला होता आणि मी मान डोलवत होते. आणि दुसरं, डाव्याने नुसतं धुकं. हे ती मला कधीच बोलली नव्हती.

मी लंगडत उठले, पुठ्ठा काढला. पावतीवरचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजायला लागली.

"फोन कशाला, लोक कामात असतात," साहेब म्हणाले. ते उभे राहिले होते. फाईल बंद झाली होती. "मी नंतर येतो. तुम्हाला नोटीस पाठवतो."

"थांबा की," आत्या म्हणाली. "कोपर टिकलंय बरं का."

"काय?"

"डावं कोपर. दीड महिन्यापूर्वी तुम्ही हा कोट माझ्याकडे टाकलात. सिगारेटने जळून भोक पडलं होतं. दोन दिवस लागले मला. आज हाताला लागलं, बरं वाटलं. कुठे सैल पडलेलं नाही."

तो माणूस दारात उभा होता. आपण कोपरावर उजवा हात कधी ठेवला हे त्यालाही कळलं नसावं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. "भलतंच काहीतरी," एवढं पुटपुटला आणि निघाला. चालत नाही, जवळजवळ धावतच. औषधवाले काका दारात येऊन विचारू लागले, "काय हो, गिऱ्हाईक एवढं घाबरून का पळालं?"

त्याच क्षणी पलीकडे फोन उचलला गेला. कर कार्यालयातल्या बाई होत्या. मी सगळं उलटसुलट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडून आज त्या भागात कुणीही गेलेलं नाही. आणि आमचा माणूस दारात उभं राहून रोख पैसे मागत नाही. तुम्ही काही दिलं नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "आत्याने नाही दिलं."

"शाबास त्यांची. आता पोलिसांना कळवा, आमच्याकडूनही तक्रार जाईल."

फोन ठेवला. आधी हसू आलं, मग रडू, मग राग. राग सगळ्यात जास्त आला.

"तुला डाव्याने दिसत नाही हे मला का नाही सांगितलंस?"

आत्याने बटणांचा डबा मांडीवर घेतला आणि झाकणावरून हात फिरवत म्हणाली, "सांगितलं असतं तर तू काम बंद करायला लावलं असतंस. गेले पाच महिने मी बोटांनीच काम करतेय. गिऱ्हाइकाला कळलं तर कोण देईल आंधळ्या बाईकडे रफूला? आणि तू रोज दमून येतेस, तुझ्या डोक्याला आणखी कशाला ताप?"

मग दुसरी गोष्ट बाहेर आली. दवाखान्याचं पत्र आलं तेव्हा मी कामावर होते. संध्याकाळपर्यंत थांबायचा धीर तिला नव्हता. तेवढ्यात हा माणूस कोट न्यायला आला. आत्याने त्यालाच पाकीट दिलं. त्याने ते फोडून वाचून दाखवलं, तारीख, वार, सदतीस हजार पाचशे, रोख. दोनदा वाचून दाखवलं. किती भला माणूस, असं तिला वाटलं होतं.

संध्याकाळी ते पत्र मला उघडलेलं मिळालं होतं. कुणी उघडलं, हे मी विचारलं नव्हतं. घरात पत्र उघडतं कोण, वाचतं कोण, चहात साखरेऐवजी मीठ का पडतं, भाकरी हल्ली एका बाजूने का करपते, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. ज्या घरात राहते त्या घरात मी पाच महिने नुसती झोपायला येत होते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते अजूनही टोचतं.

"त्याने कोट टाकला तेव्हा त्याच्या मनात काही नसावं," आत्या म्हणाली. "पत्र वाचलं आणि बुद्धी फिरली. आंधळी बाई, पैसे घरात येणार. आणि बघ, आला तोच कोट घालून! त्याला वाटलं, रफू काय, दिसतो थोडाच."

"आणि तुला आवाज नाही ओळखू आला?"

"आला की. पण नुसत्या आवाजावर मी कुणाला चोर म्हणणार नाही. नवा कोट म्हणाला तेव्हा मात्र खात्री झाली."

मग ती खिळ्यापाशी गेली, तार उतरवली आणि चिठ्ठ्यांना बांधलेले धागे एकेक करून बोटांत घ्यायला लागली. सूत, सूत, रेशीम, सूत. एका जाड लोकरी धाग्यापाशी थांबली. "ही वाच."

करडा कोट, डावं कोपर, भोक. त्याच्याच अक्षरात नाव, आणि त्याच्याच अक्षरात फोन नंबर.

दुपारी औषधवाल्या काकांनी ती चिठ्ठी पोलीस चौकीत पोचवली, पण तिची नक्कल काढून, आणि चौकीतून अर्ध्या कागदावर पोच घेऊन. आत्याने सांगितलंच होतं तसं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. आदल्या रात्री उशिरापर्यंत ती मला एकच गोष्ट घोकून सांगत होती. डोळा बरा झाला की ही तार उतरवायची, गेल्या पाच महिन्यांतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करायचे आणि सगळे कपडे परत मागवायचे. बोटांनी केलेलं काम आहे, किती वाकडं झालं असेल कुणास ठाऊक. लोक तोंडावर बोलत नाहीत. एकेक करून फुकट दुरुस्त करून द्यायचं. मी म्हटलं, एकाची तरी तक्रार आली का? ती म्हणाली, भिडेने येत नसेल. त्या बाईला चोराची भीती वाटली नव्हती, पण ही भीती तिला झोपू देत नव्हती.

पट्टी निघाली तेव्हा मी समोर होते. तिने माझ्याकडे निरखून बघितलं. मला वाटलं आता काहीतरी मायेचं बोलेल. "कानामागचे केस पांढरे झाले की तुझे," ती म्हणाली. "आणि हा ब्लाऊज कुणी शिवला? खांदा उतरलाय." मग तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पंधरा दिवसांनी चौकीतून बोलावणं आलं. माणूस सापडला होता. त्याने अशाच प्रकारे आणखी तिघांना गंडवलं होतं, आणि त्या तिघांपैकी दोघी पदवीधर होत्या हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं. पण तो कानावर हात ठेवत होता. नंबर माझा आहे, पण चिठ्ठी कुणीतरी दुसऱ्याने लिहिली असेल. मी त्या घरी कधी गेलोच नाही. हा कोट नवा आहे, कधी फाटलाच नाही, कुठे रफू आहे दाखवा.

टेबलावर तो करडा कोट पसरलेला होता. फौजदारबाईंचं आधीच शोधून झालं होतं. दोन शिपायांनी बॅटरी लावून दोन्ही बाह्या पालथ्या घातल्या होत्या. कुणालाच काही सापडलं नव्हतं.

"आजी, तुम्हीच दाखवा," फौजदारबाई म्हणाल्या.

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कोट खिडकीपाशी नेला. डावी बाही उजेडात धरली, तिरकी केली, उलटी केली, कोपरावर अगदी नाक टेकेपर्यंत वाकली. मी बघत होते. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने उजवी बाही बघितली, चुकून तिकडे तर नाही ना म्हणून. पुन्हा डावी. फौजदारबाईंनी शिपायाकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस सुटणार, आणि वर म्हणणार, म्हातारीला भास होतात.

"नाही दिसत," आत्या म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

मग तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. डाव्या हाताची दोन बोटं कोपरावर ठेवली आणि अगदी हळू पुढे सरकवली. एक बोट, आणखी अर्धं बोट. थांबली.

"ही इथे."

फौजदारबाईंनी तिथे बोट लावलं. "मला तर काही लागत नाही."

"अस्तर उसवा. आतून बघा. शेवटचं टोक डावीकडे वळलेलं असेल. दुसरा कुणी असता तर उजवीकडे वळवलं असतं."

अस्तर उसवलं. शिपायाने बॅटरी धरली. आतल्या बाजूला, त्याच करड्या लोकरीच्या धाग्याचं एक इवलंसं टोक होतं, डावीकडे वळलेलं. फौजदारबाईंनी फोटो काढला, आत्याला सुई-दोरा देऊन तिथल्या तिथे एक गाठ घालून दाखवायला लावली, आणि म्हणाल्या, "हातच्या काकणाला आरसा कशाला! झालं, आजी. आता त्याला बोलायला जागा नाही."

बाहेर पडलो. मी बडबड करत होते, आता त्याला शिक्षा होईल, आता लोकांचे पैसे मिळतील. कोपऱ्यावर रस्ता ओलांडताना आत्याने माझा हात धरला नाही, स्वतः दोन्हीकडे बघितलं आणि ओलांडला. पलीकडे जाऊन थांबली.

"शहाणे," ती म्हणाली, "डोळा नव्हता तेव्हा केलेलं काम, आज डोळ्याला सापडलं नाही."

"हो," मी म्हटलं.

"चांगल्या उजेडात. नव्या डोळ्याला."

"हो आत्या."

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत म्हणून सांगितलेलं होतं, म्हणून मी तिच्याच पदराने वरच्यावर टिपलं. घरी आल्यावर तिने आधी टेबलावरची तार उचलली. गिऱ्हाइकांना फोन करायचे म्हणून मी ती उतरवून ठेवली होती, शेजारी नंबरांची यादीही लिहून तयार होती. तिने यादी घडी करून डब्यात टाकली, तार पुन्हा खिळ्याला अडकवली, आणि कामाला बसली.